मागच्या पायरीवरचं सामान

तिर्तोसारीतल्या आमच्या घरात वाकल्याशिवाय शिरता येत नाही, हे मला लग्नाच्या दिवशीच कळलं. चौकट कपाळावर बसली तेव्हा सासूबाई म्हणाल्या, "घरानं ओळख करून घेतली. आता पुन्हा नाही लागणार."

घर मुळात ठेंगणं नव्हतं. समुद्र आत येत गेला तशी सासऱ्यांनी माती आणि विटांचा चुरा ओतून जमीन वर उचलली. ते गेल्यावर माझ्या नवऱ्यानं, सुगेंगनं, आणखी उचलली. छप्पर मात्र होतं तिथंच राहिलं. खिडक्यांच्या कडा गुडघ्याला लागायच्या. पंखा काढून टाकला होता, कारण हात वर केला की बोटं पात्यात जायची. इतकं करूनही भरतीला पाणी घरात यायचंच. मग आम्ही सगळे पलंगावर पाय घेऊन टीव्ही बघत बसायचो. आमच्या किनाऱ्यावर याला कोणी संकट म्हणत नाही, भरती म्हणतात.

मी तालुक्याच्या आरोग्य केंद्रात विहिरींचं पाणी तपासते. क्षार किती, जंतू किती, पिण्याजोगं आहे की नाही. जे मोजता येतं तेवढ्यावर माझा भरवसा. बाकीचं मी ऐकून घेते आणि हसून सोडून देते.

त्या वर्षी आम्हाला आतल्या बाजूला, भातशेतांच्या पलीकडे जागा मिळाली. दोन खोल्यांचं घर आणि कोरडी जमीन. मोठ्या भरत्या सुरू होण्याआधी निघायचं होतं. नव्या घरात आमचं निम्मंही सामान मावणार नव्हतं. शिवाय कपाट आणि सागवानी पलंग तर दारातून बाहेरच निघत नव्हते. सासरे लग्न करून आले तेव्हा दोन्ही वस्तू ताठ उभ्या आत आल्या होत्या. नंतर जमीन वर आली आणि दार आखूड झालं.

"भंगारवाल्याची होडी बोलावतो," सुगेंग म्हणाला. "नेईल ते नेईल. बाकीचं इथंच सोडून देऊ."

"सोडून द्यायला ते काय मांजर आहे?" सासूबाई म्हणाल्या. "आणि मांजर तरी सोडवलं का तुला? लहानपणी पोत्यात घालून नेलंस आणि तुझ्याआधी तेच घरी आलं."

"इबू, पलंग बाहेर कसा काढणार, ते सांग."

"ज्याला हवाय तो काढील."

त्यांचं नाव रासिनाह. आईला आमच्याकडे इबू म्हणतात. सुगेंग म्हणतो, मीही म्हणते. बुटक्या, काटक, चिरक्या आवाजाच्या. साऱ्या आयुष्यात शहर फार तर दवाखान्यापुरतं पाहिलेलं. पण त्या दिवसांत त्यांनी ते घर ज्या रीतीनं रिकामं केलं, तसं काम मी दुसऱ्या कोणाला करताना पाहिलेलं नाही.

त्यांचा नियम एकच होता. मळकं द्यायचं नाही, मोडकं द्यायचं नाही. सुऱ्या दगडावर घासून मगच दिल्या. स्टोव्हच्या वाती बदलल्या. मच्छरदाणीला पडलेलं भोक त्यांनी इतकं बारीक रफू केलं की मला ते उजेडात धरूनही सापडेना. प्रत्येक वस्तू पुसून मांडीवर घ्यायच्या, जरा वेळ हात फिरवायच्या आणि मग नाव घ्यायच्या. "हे शेजारच्या वार्तिनीला." "हा थर्मास मशिदीच्या कार्जानकाकांना."

थर्मास घेऊन मीच गेले. कार्जानकाकांनी तो दोन्ही हातांत धरला. "परवापासून मनात होतं," ते म्हणाले. "पण मागायचं कसं? निघालेल्या माणसाकडे मागणं बरं दिसत नाही."

मी घरी येऊन सांगितलं तर सासूबाई म्हणाल्या, "त्यात काय? पहाटेचा खोकला ऐकू येत नाही का तुला?"

मला खरंच कधी ऐकू आला नव्हता.

आमच्या घरामागं एक आळी होती. तिथली माणसं आम्ही निघायच्या कितीतरी आधी उठून गेली होती. कोणी मुलाकडे, कोणी कारखान्यांच्या गावाला. ओहोटीलाही त्या घरांत कमरेएवढं पाणी असायचं. एका न्हाणीघरात खारफुटीची झाडं वाढली होती आणि दुसऱ्याच्या कौलांवर बगळे बसायचे. आमच्या मागच्या दारासमोर, जिथं पूर्वी गल्ली होती त्या पाण्याच्या पट्ट्यापलीकडे, बु तार्मिनाह, म्हणजे तार्मिनाहबाई, यांचं घर होतं. दार उघडं, अर्धं बुडालेलं.

एका सकाळी सासूबाईंनी भात वाफवायचं तांब्याचं उंच पातेलं चिंचेनं घासून लख्ख केलं आणि मागच्या पायरीवर ठेवलं.

"इथं कशाला? भरती घेऊन जाईल," मी म्हटलं.

"भरतीला भात लागत नाही."

दुपारी कामावरून आले तर पायरीवर पातेलं नव्हतं. त्याच्या जागी केळीच्या पानाची पुडी होती. आत वाफवलेला रताळ्यासारखा कंद, वर खोवलेलं खोबरं. पुडी गरम होती. पायरी ओली होती, पण पुडीचा तळ कोरडा होता.

"कोणी आणलं हे?"

"मागच्यांनी. भांडं गेलं की त्याच्या बदली काहीतरी येतंच. रिकाम्या हातानं कोण घेतं?"

"मागे कोण राहतंय, इबू?"

"राहत असतील कोणी. मी नाही बाई वाकून बघत दुसऱ्याच्या घरात."

मी मनाशी म्हटलं, मासेमार असतील. खेकड्यांसाठी त्या घरांत होड्या घालतात, चूलही पेटवत असतील. पुडी मी खाल्ली नाही. सुगेंगनं खाल्ली आणि बोटं चाटली.

त्यानंतर मागच्या पायरीवर रोज काही ना काही जाऊ लागलं. आरसा, पाटा, दिवे. आणि बदल्यात कधी ताजी मिरची यायची, कधी मोगऱ्याची ओंजळभर फुलं. आमच्या गावातली माती खारी होऊन वर्षं झाली. तिथं मिरचीचं रोप जगत नाही. मी एक मिरची लॅबमध्ये नेऊन धुतली, चिरली, भिंगाखाली बघितली. मिरचीच होती.

जिल्ह्याच्या बाजारात बु तार्मिनाह भाजी विकायला बसतात. मी मुद्दाम त्यांच्याकडे गेले. म्हटलं, विचारून मोकळं व्हावं.

"तुमच्या जुन्या घराकडे गेला होता का हल्ली?"

"छे गं. बघवत नाही." त्यांनी मला पालक बांधून दिला आणि मग माझा हात सोडलाच नाही. "तुझ्या सासूचं ते तांब्याचं पातेलं आहे ना? उंच?"

"आहे. म्हणजे होतं."

"हल्ली मी स्वप्नात रोज त्यात भात लावते. माझ्याच चुलीवर. पोरं लहान आहेत, भांडतायत, नवरा ओरडतोय." त्या हसल्या. "सकाळी उठते तर पोट भरलेलं असतं. सून म्हणते, आई, तुम्ही न्याहारी का करत नाही?"

मी पालक घेतला आणि निघाले. बसमध्ये बसल्यावर लक्षात आलं की त्यांच्या कपड्यांना लाकडाच्या धुराचा वास होता. त्यांच्याकडे गॅस आहे, हे मला ठाऊक होतं.

निघायच्या दिवशी बांधावर ट्रक उभा होता. सुगेंग आणि शेजारी बोचकी होडीत घालून नेत होते. भरती चढत होती. मी आत बाहेर करून राहिलेलं गोळा करत होते. सासूबाई कुठं दिसेनात.

मी निजायच्या खोलीत वाकून गेले.

पलंग नव्हता.

कपाटही नव्हतं. मी दाराची चौकट हातानं चाचपली. कुठं ओरखडा नव्हता. खिडकीचे गज जिथल्या तिथं गंजलेले होते. जमिनीत पलंगाच्या पायांचे खळगे होते आणि त्यांत पाणी साचत होतं. बाकी जमीन झाडलेली होती. खराट्याच्या रेघा ताज्या होत्या.

मागचं दार उघडं होतं.

सासूबाई सर्वांत खालच्या पायरीवर उभ्या होत्या. ठेवणीतला ब्लाउज घातलेला, केस तेल लावून बांधलेले. पाणी त्यांच्या गुडघ्यापर्यंत आलं होतं.

"इबू, चला."

"थांब जरा. निरोप घेतेय."

"कोणाचा?"

त्या पलीकडच्या दाराकडे बघत होत्या. मग म्हणाल्या, "सगळं दिलं बघ. आता मी तेवढी उरले. त्या दोन खोल्यांत मला ठेवायचं कुठं, हाही विचार पडलाच असेल ना तुम्हाला? इथं मला विचारतायत. स्वयंपाकाला जाणतं माणूस हवंय म्हणतात."

त्यांनी पुढचा पाय उचलला. खाली पायरी नव्हती.

मी त्यांचं कोपर धरलं. हाताला हाड लागलं, इतकं घट्ट.

"तुम्ही सामान नाही," मी म्हटलं. "मला भात धड लावता येत नाही. मच्छरदाणी रफू करता येत नाही. आणि कोणाचा खोकला मला ऐकू येत नाही, इबू. ते सगळं मला कोण शिकवणार?"

त्या माझ्याकडे वळल्या.

तेवढ्यात पलीकडे, बु तार्मिनाह यांच्या घरात, आवाज झाला.

जड लाकूड ओढल्याचा. कोरड्या जमिनीवरून. मधेच थांबून पुन्हा ओढल्याचा, दोघं उचलतात आणि एकाचा दम संपतो तसा.

उघड्या दारात पाणी हलत होतं. कमरेच्याही वर, करडं.

मग कोणीतरी समाधानानं पलंगावर बसलं. फळ्या करकरल्या. ती करकर मी झोपेतही ओळखली असती. आमचं लग्न त्याच पलंगावर जुनं झालं होतं.

सासूबाई पलीकडे बघून जरा मोठ्यानं म्हणाल्या, "सून सोडत नाही हो. राग मानू नका."

पाणी हलायचं थांबलं. आम्ही दोघी वर आलो. मी मागचं दार ओढून घेतलं. त्यांनी ते पुन्हा उघडलं आणि उघडंच ठेवलं.

नव्या घरात त्या रमल्या. पहिल्याच आठवड्यात डावीकडच्या घरातलं भांडण आणि उजवीकडच्या बाईचा गुडघा त्यांना ठाऊक झाला होता. मला भात लावायला शिकवताना त्या मला जे बोलायच्या, ते इथं लिहिण्यासारखं नाही. पण भात आता जमतो. त्या दिवसाबद्दल आम्ही बोललो नाही. सुगेंगनं पलंगाचं विचारलं तेव्हा त्या म्हणाल्या, "दिला," आणि त्यानं पुढं विचारलं नाही. आईनं दिलं म्हणजे योग्य माणसाला दिलं, एवढं त्याला पुरलं. खरं सांगायचं तर मलाही पुरलं.

रमजानच्या आधी आमच्याकडे कबरींवर फुलं वाहायला जातात. सासऱ्यांची कबर पाण्याखाली आहे, म्हणून होडीनं जायचं आणि पाण्यावर फुलं सोडायची. त्या वर्षी आम्ही तिघं गेलो. ऊन चांगलं होतं, वारा नव्हता. सुगेंग पुढं उभा राहून बांबूनं होडी ढकलत होता. परतताना त्यानं होडी आमच्या जुन्या घरामागून घातली, बहुधा सवयीनं.

आमच्या मागच्या दारापासून बु तार्मिनाह यांच्या खिडकीपर्यंत, पाण्यावरून आडवी, एक दोरी बांधलेली होती. दोरीवर कपडे वाळत घातले होते. होडी खालून गेली तेव्हा एक थेंब माझ्या ओठावर पडला. त्यात मीठ नव्हतं.

"कोणाचे आहेत हे?" सुगेंगनं विचारलं. "इथं तर कोणी राहत नाही."

ते बाळाचे कपडे होते. नवी सुती टोपडी, झबली, पोटाला बांधायच्या पट्ट्या. हाताला लागतील इतकी जवळ.

मी काढून घेईन असं सासूबाईंना वाटलं असावं. त्यांनी माझ्या मनगटावर हात ठेवला.

"नवं कापड टोचतं अंगाला," त्या हळूच म्हणाल्या. "धुऊन धुऊन मऊ होऊ दे. अजून वेळ आहे."

आदल्या दिवशी, सगळे जेवायला गेल्यावर, मी लॅबमध्ये माझी स्वतःची तपासणी केली होती. दोन रेघा उमटलेली पट्टी कागदात गुंडाळून पर्सच्या तळाशी ठेवली होती. सुगेंगलाही अजून सांगितलं नव्हतं.

होडी पुढं निघाली. मी मागं वळून बघत राहिले. दोरीवर सगळं दोन-दोन होतं.