भिवराबाईची सुटी

त्र्याहत्तरच्या मे महिन्यात राधाकिशन ओव्हरसीअरला एका दिवसात दोन विमानपट्ट्या तपासून यायच्या होत्या, आणि त्याला त्याचा मनापासून कंटाळा आला होता.

दुसरा कुणी असता तर विमानात बसायला मिळतंय म्हणून आठ दिवस आधीच गावभर सांगत सुटला असता. पण राधाकिशन दोन वर्षं दुष्काळी कामांवर उभा होता. खडी, मुरूम, हजेरी, ऊन, पुन्हा खडी. मुळातच अंगानं बारीक, आता तर त्याला सदऱ्यात शोधावं लागे. त्याला एकच गोष्ट हवी होती, बदली. गोदाकाठच्या त्याच्या गावाजवळ एक जागा रिकामी होती आणि आप्पांनी वर शब्द टाकायचं कबूल केलं होतं.

आप्पा म्हणजे नियोजित साखर कारखान्याचे पुढारी. प्यायला पाणी नाही तिथं ऊस कुठून येणार, हे त्यांना विचारायची सोय नव्हती. कारखान्याच्या पायाभरणीला मोठे पाहुणे विमानानं येणार होते, म्हणून कारखान्याआधी पट्ट्या तयार झाल्या होत्या, त्याही दुष्काळी कामातून. आता राधाकिशननं ‘पट्टी योग्य आहे’ म्हणून सही करायची की तो सुटला.

सकाळी सातला बीडजवळच्या माळावर ते चार जागांचं इवलंसं विमान उभं होतं. वैमानिक मुनव्वर बीडचाच, फळवाल्यांच्या घरातला, हैदराबादला विमान शिकून आलेला. माणूस हसतमुख, पण एका बाबतीत भारी कडक. वजन केल्याशिवाय कुणाला आत पाय ठेवू देत नसे. प्रत्येक पट्टीवर त्यानं सोसायटीच्या गोदामातला धान्याचा वजनकाटा आणवून ठेवला होता.

“मुनव्वर, मी काय उसाची मोळी हाय का बे?” आप्पा काट्यावर चढत म्हणाले.

“आप्पा, मोळी परवडली. मोळी खोटं वजन सांगत न्हाई.” मुनव्वरनं काटा पाहिला. “चौऱ्याऐंशी. ओव्हरसीअर साहेब, तुमी... अठ्ठावन्न. खात जा जरा.”

आप्पा पुढं बसले, राधाकिशन मागं. त्याच्या शेजारची जागा रिकामी.

लिंबागणेशच्या पट्टीचं काम बारापर्यंत उरकलं. वरून देवळाचा कळस दिसला तेव्हा राधाकिशननं हात जोडले, उतरल्यावर पट्टीची लांबी मोजली, चहा घेतला, पुन्हा वजन दिलं. वर गेल्यावर खाली नुसता करडा मुलूख दिसत होता. कोरड्या विहिरींची तोंडं, आणि मधूनमधून कामावरच्या माणसांच्या ओळी. वरून त्या हालत आहेत की नाहीत तेही कळत नव्हतं. गरम रेक्झिन आणि पेट्रोलच्या वासानं त्याचं डोकं जड झालं होतं. पुढची पट्टी युसूफ वडगावची होती. तिथं त्याला जायचं नव्हतं, पण हे तो कुणाला सांगणार?

एकच्या सुमाराला ते वडगावला उतरले. आप्पा जेवायला गावात गेले, मुनव्वर पंखाच्या सावलीत आडवा झाला. उरला पट्टीचा राखणदार आश्रुबा. हातात खराटा घेऊन तो राधाकिशनच्या मागं मागं चालू लागला.

पट्टी चांगली झाली होती. फक्त मध्यावर मुरमाचा एक लहानसा ढीग होता, पाटीभर, नीट ओतलेला.

“हे काय आश्रुबा? काम संपून दोन महिने झाले.”

“रोज असतो साहेब. रोज सांजंला मी झाडून घेतो, सकाळी येऊन बघतो तर पाटीभर मुरूम वतलेला असतो... हितंच.” आश्रुबा खाली बघत म्हणाला. “तिची पाटी वतायची जागा हीच व्हती नव्हं.”

राधाकिशनला तिची म्हणजे कुणाची, हे विचारायची गरज नव्हती.

आश्रुबाची बायको भिवराबाई याच पट्टीच्या कामावर होती. मजुरांना सुकडीचा पौष्टिक खाऊ वाटायच्या आधी डॉक्टरनं सगळ्या बायांना सोसायटीच्या याच काट्यावर उभं केलं होतं. भिवराबाई भरली एक्केचाळीस किलो. राधाकिशन गमतीनं म्हणाला होता, “भिवराबाई, तुझं वजन विमानाला कळायचंसुद्धा नाही. पट्टी झाली की पहिली तुलाच बसवतो.” बाया तोंडाला पदर लावून हसल्या. भिवराबाई मात्र हसली नव्हती. “खरंच का साहेब?” एवढंच तिनं विचारलं होतं.

फेब्रुवारीत पट्टीची घाई झाली. मुरमाची खाण वरून पायऱ्या पाडत खोदायची असते, हे राधाकिशनला माहीत होतं. बाया खालून कोरत होत्या, वर कपार लोंबत होती, हेही त्यानं पाहिलं होतं. उद्या कपार पाडून घेऊ, आज एवढा भरणा होऊ दे, असं तो म्हणाला. दुपारी कपार आली. बाकीच्या पळाल्या, भिवराबाई खाली सापडली. राधाकिशननं कागदावर लिहिलं, उन्हानं घरी दगावली. खाण बुजवून टाकली. दुष्काळात रोज कुणी ना कुणी दगावत होतं, त्यात हे एक खपून गेलं.

“त्या दिशी सांजची हजेरी झालीच न्हाई,” आश्रुबा सांगत होता. कामावर दोनदा हजेरी असे. सकाळी नाव पुकारलं की ‘हजर’ म्हणायचं. संध्याकाळी मुकादम नाव घेऊन ‘सुटी’ म्हणे, मग माणूस हत्यार खाली ठेवी. “ती लई नेमाची बाई. नाव घेऊन सुटी म्हनल्याबिगर पाटी खाली ठेवीत नव्हती. आता कोन तिला सुटी देनार?”

“तू दे की.”

“मी न्हवरा, साहेब. नाव तुमच्या वहीत व्हतं.” त्यानं खराटा बगलेत धरला. “तुमी तिला विमानात बसवायचं कबूल केलतं. आज न्या. बीडला उतरलं की नाव घेऊन सुटी म्हना. मोठ्यानं, चारचौघांत. मंग ती जाईल. मी बी थकलो आता... रोज झाडून झाडून.”

राधाकिशनला त्याचा राग आला नाही, हसूही आलं नाही. त्याला फक्त तिथून निघायचं होतं.

साडेतीनला पुन्हा वजनं झाली. आप्पा जेवून आल्यामुळं पंच्याऐंशी, राधाकिशन अठ्ठावन्नच. विमानाच्या दाराशी आश्रुबा हात जोडून उभा होता. त्याच्याकडं बघवेना म्हणून राधाकिशन रिकाम्या जागेकडं वळून हळूच म्हणाला, “बस बाई.”

नाव काही त्यानं घेतलं नाही.

विमान पट्टीवर धावू लागलं. धावत राहिलं. अर्धी पट्टी गेली, पाऊण गेली, चाकं जमीन सोडीनात. मुनव्वरची मान ताठ झाली. अगदी टोकाशी विमान उचललं गेलं आणि बाभळीच्या शेंड्यांना घासल्यासारखं वर निघालं.

“काय रे?” आप्पांनी ओरडून विचारलं.

“वजन हाय,” मुनव्वर म्हणाला. “कुठंतरी वजन हाय...”

राधाकिशननं शेजारी पाहिलं. रिकाम्या जागेचं रेक्झिन मधोमध खाली दबलं होतं. आणि पेट्रोलच्या वासात आता दुसरा एक वास मिसळला होता. रोलर फिरवण्याआधी मुरमावर पाणी शिंपडतात, तेव्हा येतो तो. सगळ्या जिल्ह्यात शिंपडायला पाणी नव्हतं... पण वास येत होता. त्यानं खिडकीकडं तोंड केलं ते बीड येईपर्यंत वळवलंच नाही. डाव्या खांद्याला मात्र कुणीतरी टेकून बसल्यासारखं गार लागत होतं. दिवसभर पाटी वाहून दमलेलं माणूस टेकावं तसं.

बीडला उतरल्यावर मुनव्वरनं कुणाला हलू दिलं नाही. विमान आतून तपासून पाहिलं, काही नव्हतं. मग त्यानं काटा ओढला. आप्पा पंच्याऐंशी. तो स्वतः सत्तर, सकाळचेच. राधाकिशन चढला.

मुनव्वर काट्याकडं बघत राहिला.

“साहेब, उतरा. परत चढा.”

राधाकिशन उतरून परत चढला.

“नव्व्याण्णव,” मुनव्वर अगदी हळू म्हणाला.

“काटा बिघडला बे तुझा,” आप्पा म्हणाले.

राधाकिशननं मनातल्या मनात अठ्ठावन्नात एक्केचाळीस मिळवले, आणि तो काट्यावरून खाली उतरला. आता दोनच शब्द बोलायचे होते. नाव, आणि सुटी. त्यानं तोंड उघडलंही. तेवढ्यात आप्पांनी पंखावर कागद पसरला.

“हं, कर सही. बदलीचं उद्याच बोलतो.” मग त्याच्या ओठांकडं बघत, “काय पुटपुटायलास? कुनाचं नाव घेतोस?”

नाव घेतलं असतं तर कोण भिवराबाई, कशानं मेली, खाण कुणी बुजवली, सगळंच वर आलं असतं. बदली तर राहिलीच, नोकरीही गेली असती. राधाकिशन फार थकला होता हो. थकलेल्या माणसाला खरं बोलायचंही ओझं होतं.

“कुणाचं नाही,” तो म्हणाला, आणि त्यानं सही केली.

बदली झाली. गोदाकाठी, स्वतःच्या गावी, काळ्या मातीत. बायको सुंदरबाई दोन वेळा ऊन ऊन जेवायला घालत होती, तरी माणूस सुधारेना. सायकल मारताना दम लागे, मागं कुणी बसल्यासारखी ती ओढायची. बाज त्याच्या बाजूनं झोळ घेई. डॉक्टर म्हणाले, थकवा आहे. काट्यावर तो पुन्हा कधी चढला नाही.

पहिला पाऊस होऊन गेल्यावर एका संध्याकाळी मात्र त्याला असह्य झालं. तो अंगणात उभा राहिला. आज म्हणूनच टाकायचं. त्यानं घसा साफ केला आणि मोठ्यानं हाक दिली, “भिवराबाई आश्रुबा...”

कुंपणापलीकडून शेजारी डोकावला. “कुणाला हाका मारताय ओव्हरसीअर?”

राधाकिशन ओशाळला. “नाही नाही, असंच,” म्हणत घरात गेला. पुढचा शब्द तोंडातच राहिला.

आश्चर्य म्हणजे त्या रात्री त्याला गाढ झोप लागली. अंगावरचं ओझं उतरलं होतं. सकाळी तो हलका हलका होऊन उठला, तेव्हा सुंदरबाई खराटा घेऊन अंगणात उभी होती. उंबऱ्यासमोर तांबड्या मुरमाचा ढीग होता. पाटीभर, नीट ओतलेला. त्या गावाभोवती दहा कोसांत मुरूम नव्हता.

“कुणी टाकला हो हा?” ती म्हणाली. मग आठवल्यासारखं करून तिनं विचारलं, “आणि काल सांजंला हजेरी कुणाची घेत होता?”

“कसली हजेरी?”

“अहो, तुम्ही नाव पुकारलं ना? मी चुलीपाशी होते.” तिनं खराटा भिंतीला टेकवला. “मागच्या दाराशी कुणीतरी बाई ‘हजर’ म्हणाली.”