झिऱ्यावरची घागर

"कोणाच्या झिऱ्यातलं पाणी भरून राह्यली वं?"

सत्यशीला दचकली. वैशाखात मुकुटबनजवळचा नाला आटला, की वाळूत खड्डे खणून पाणी काढायचं. अलीकडचा झिरा बौद्धवाड्याचा, पलीकडचा बंजारा तांड्याचा. नागपूरच्या धम्मदीक्षेला तीन उन्हाळे झाले तरी झिरे वेगळेच होते. आज ती चुकून... की मुद्दामच?... पलीकडे आली होती.

"पाण्यावर नाव लिवलं हाय काय?"

"लिवतो ना... तुयं नाव सांग."

तो तांड्यातला सेवादास. हसला की डोळे मिटायचे त्याचे. त्या दिवसापासून सत्यशीलाच्या घरात पाणी भलतंच कमी पडू लागलं!

मग तिला वणीचं स्थळ आलं. सेवादासचा चेहराच उतरला.

"तोंडानं सांगू नको... लाजशील," तो म्हणाला. "मले हो असंल तं माह्या झिऱ्यावर घागर ठेवून जाय. दिसली का येतोच तुह्या बाबाकडं."

दुसऱ्या दिवशी दुपारी तिने घागर ठेवली आणि अलीकडच्या काठावर पळसाआड जाऊन उभी राहिली. नाला जिथून येतो त्या दूरच्या डोंगरावर सकाळपासून एक काळा ढग ठाण मांडून बसला होता, हलायचं नाव घेत नव्हता. "तिकडं पडून राह्यला, आपल्याइथं तं ऊन हाय," असं सगळेच म्हणत होते. तीही तेच म्हणाली.

सेवादास पलीकडच्या उतारावर आला. घागर दिसली. हसला, डोळे मिटले... आणि वरच्या वळणावरून झाडाझुडपांसकट गढूळ लोंढा आला. घागर वाहू लागली.

"जाऊ दे तिले!" सत्यशीला जिवाच्या आकांताने ओरडली. "तोंडानं सांगून राह्यली ना मी! हो! हो म्हनून राह्यली!"

पण तो उतरला होता. तिचा होकार डोळ्यांदेखत कसा वाहू द्यायचा? त्याने घागर धरली, डोक्यावर उंच करून तिला दाखवली. मग नुसतं पाणीच दिसत राहिलं.

ऐकलं असेल का त्याने? केवढा आवाज होता पुराचा...

संध्याकाळी तो खालच्या बाभळीपाशी सापडला. घागर तिथेच होती, काठाला चेपलेली. त्याच्या आईने, रुपीबाईने, ती सत्यशीलाच्या दारात आणून ठेवली.

पाणी ओसरलं, वाळूत पुन्हा झिरे खणले गेले. सत्यशीला पलीकडे गेली. रिकामी घागर तिने त्याच्या झिऱ्यावर ठेवली आणि ऐकायला कोणी नसताना, स्पष्ट, तोंडाने म्हणाली, "हो."