पाच यमुना

"यमुनाबाई, पुढे या!"

शाळेच्या व्हरांड्यात भिंतीला टेकून बसलेल्या बायकांपैकी एकदम चौघी उठल्या. एकमेकींकडे बघून चौघी खाली बसल्या. मग, आपलंच नाव घेतलं की, असं वाटून चौघी पुन्हा उठल्या.

टेबलामागची मुलगी हातातल्या केसपेपरकडे बघतच राहिली. तलासरीला डोळे तपासणीचं शिबिर होतं, २०१६ सालच्या डिसेंबरात. डहाणू रोडच्या एका छोट्या संस्थेत ती नोकरीला होती. आलेल्यांची नावं लिहायची, डॉक्टर सांगतील तो नंबर लिहायचा आणि आठवड्याने येऊन चष्मे वाटायचे, एवढं तिचं काम.

"आडनाव घ्या ना, मॅडम," कोणीतरी म्हणालं. आवाजात हसू होतं. "नुसतं यमुना म्हणालात तर अर्धा तालुका उठेल."

तिने वर पाहिलं. सावळा, उंच मुलगा. नखांत माती. एका हाताने आईचा दंड हलकेच धरलेला.

"तुम्ही कोणत्या यमुनेबरोबर?"

"ही माझी आई. चौघींतली शेवटची."

"मग पाचव्या यमुनेचं ऐका आणि रांगेत उभे राहा."

"पाचवी कोण?"

"मी."

त्याचं हसू विझलं नाही, पण जरा अडखळलं. "म्हणजे… तुमचं नाव…"

"यमुना. का? शोभत नाही?"

"शोभतं," तो म्हणाला. "तोच तर घोटाळा आहे." आणि त्याचे कान तांबडे झाले.

कसला घोटाळा, हे तिने विचारलं नाही. पण घरी जाताना बसच्या खिडकीशी बसून ती त्या तांबड्या कानांचाच विचार करत होती.

कॉलेजात तिला या नावावरून सगळे 'आजीबाई' म्हणत. वर्गात दोन नीलम होत्या, तीन योगिता होत्या, यमुना ही एकटीच. पण तिला ते नाव बदलावंसं कधी वाटलं नाही. तिचे वडील रेल्वेत खलाशी, म्हणजे मदतनीस होते, घर डहाणूजवळ मसोलीला. तिच्या जन्माच्या वेळी आई फार अवघडली होती आणि किनाऱ्यावरच्या झाई गावची एक सुईण भरतीच्या पाण्यातून चालत आली होती. दोन जीव हाती देऊन ती बाई चहासुद्धा न घेता परत गेली. तिचं नाव यमुना. वडिलांनी त्याच दिवशी ठरवलं होतं. त्या बाईला द्यायला दुसरं काय होतं आपल्याकडे, असं ते म्हणत.

आठवड्याने चष्मे वाटून झाले आणि त्याच्या तिसऱ्या दिवशी तो मुलगा ऑफिसच्या दारात उभा राहिला. एका हातात चष्म्याचं पाकीट, दुसऱ्या हातात चिकूची पिशवी.

"ओ चष्मेवाल्या बाई, आईला कोंबडी बकरीएवढी दिसतेय."

"म्हणजे?"

"म्हणजे अंगणात कोंबडी आली की ती काठी घेऊन उठते."

तिने पाकीट हातात घेतलं. वर तिच्याच अक्षरात लिहिलेलं होतं, 'यमुना २'. चौघींची पाकिटं तिने तपासणीच्या क्रमाने लिहिली होती, एक, दोन, तीन, चार. वाटायच्या दिवशी चौघी भलत्याच क्रमाने बसल्या होत्या. आकडा वाचत गेली आणि चष्मे देत गेली!

"माझ्या हातून झालं," ती हळूच म्हणाली. "सरांना सांगणार का?"

"सांगणार होतो. बसमध्ये विचार बदलला." त्याने पिशवी टेबलावर ठेवली. "मी शैलेश. माझी नर्सरी आहे, चिकूच्या कलमांची. कलमं बांधायचं काम आईचं. जवळचं दिसलं नाही तर तिची पट्टी सैल बसते आणि कलम मरतं. तेव्हा बाकीच्या तिघी शोधायला हव्यात. माझ्याकडे मोटरसायकल आहे. उद्या रविवार आहे…"

"तुम्ही हे बसमध्येच ठरवलंत?"

"नाही. चिकू काढताना."

त्या रविवारी दोघे पाड्यापाड्यांतून हिंडले. थंडीतलं कोवळं ऊन होतं, रस्त्याच्या दोन्ही बाजूंना गवत वाळून सोनेरी झालं होतं. ती मागे अंतर ठेवून बसली होती. खड्डा आला की अंतर कमी व्हायचं. मग ती पुन्हा मागे सरकायची. खड्डे पुष्कळ होते.

पहिली यमुना शेणाने अंगण सारवत होती. तिच्या बापाने नदी कधी पाहिली नव्हती. गावात कोणीतरी रेडिओ आणला, त्यावर पहिली बातमी लागली ती यमुनेला आलेल्या पुराची. "एवढं पाणी जिच्यात आहे तिचं नाव ठेवू म्हणाला. आणि मी जन्मभर विहिरीवर रांगेत!" ती खळखळून हसली.

दुसरी भाऊबीजेच्या दिवशी जन्मली होती. "यमाची बहीण ना ती? माझे सात भाऊ. मी ओवाळल्याशिवाय एकाला मरायची परवानगी नाही."

तिसरीने हातातलं सूप खाली ठेवलं. मग म्हणाली, "आधीची यमुना माझी मोठी बहीण. चार वर्षांची होऊन गेली. तिचं राहिलेलं नाव मी वापरते." चुकीचा चष्मा काढून तिने पदराने पुसला आणि जपून परत दिला. "नीट वापरते हो मी. अजून कुठे फाटलं नाही."

परत येताना उन्हं कलली होती.

"एकच नाव," ती म्हणाली, "आणि किती वेगळं अंगावर बसतं प्रत्येकीच्या."

"तुमच्या अंगावर कसं बसलं?"

तिने सुईणीची गोष्ट सांगितली. त्याने मोटरसायकल हळू केली. इतकी हळू, की मागून आलेली बैलगाडी पुढे निघून गेली.

मग त्याला डहाणूला सारखं काम निघू लागलं. कधी चष्म्याचा स्क्रू सैल, कधी काचेवर डाग, जो तिला दिसत नसे. चिकूची पिशवी असायचीच. ऑफिसातली नीलम त्याला बघितलं की म्हणायची, "आले बघ. आज कोणता डोळा दुखतोय विचार."

पण एक गोष्ट यमुनेच्या लक्षात येऊ लागली होती. तो तिला नावाने हाक मारत नसे. 'चष्मेवाल्या बाई' म्हणे, 'ओ मॅडम' म्हणे, फार लाडात आला तर 'ए डहाणू' म्हणे. बसस्टँडच्या गर्दीत ती पुढे निघून गेली तर मागे धावत येई, पण हाक मारत नसे. आपलं नाव आवडतं त्या माणसाच्या तोंडून ऐकायचं असतं… ते कसं सांगणार? ज्यांनी ती वाट पाहिली असेल त्यांना कळेल.

फेब्रुवारीतल्या एका संध्याकाळी दोघं डहाणूच्या किनाऱ्यावर सुरूच्या झाडांखाली बसली होती. ओहोटी होती, समुद्र दूर गेला होता. त्याने तिच्यासाठी कलम आणलं होतं, काळ्या पिशवीत, वीतभर उंचीचं.

"खालचं मूळ खिरणीचं," तो म्हणाला. "वरची फांदी चिकूची. आईने बांधलंय. आता सगळे याला चिकूच म्हणणार."

"आणि मला? मला तुम्ही काय म्हणणार?"

तो पट्टीवरची माती नखाने खरवडत राहिला.

"शैलेश, माझं नाव घ्या ना. एकदा."

"घेता येत नाही." तो वर बघेना. "तोंड उघडलं की आई दिसते. आईच्या नावानं तुम्हाला हाक कशी मारू? आणि… जसं मला तुम्हाला बोलवायचंय, तसं तर मुळीच नाही."

"कसं बोलवायचंय?"

"घरी." एकच शब्द, पण तो बोलल्यावर त्याला धाप लागली. "कायमचं. याल?"

समुद्राकडून खारा वारा आला. तिला हसू येत होतं, रडूही येत होतं. तिने पदर नसताना उगीच ओढणीच सारखी केली.

"येईन," ती म्हणाली. आणि त्याचा चेहरा असा काही उजळला, की पुढचं वाक्य त्याने बोलायला नको होतं. पण तो खोटं न बोलणारा मुलगा होता.

"फक्त नाव बदलावं लागेल. आमच्यात सासूचं नाव सुनेला चालत नाही. सुनेवर कोणी ओरडलं तर ते सासूवर ओरडल्यासारखं होतं. माझी काकू नीलम, तिची सूनही नीलम होती. आता ती योगिता आहे."

"तिला कसं वाटतं?"

"कोणाला?"

"नीलमला. योगिता झालेल्या."

तो गोंधळला. "कोणी… विचारलं नाही."

ती उठली. वाळू झटकली. "मी येईन ते यमुना म्हणूनच येईन, शैलेश. भरतीच्या पाण्यातून चालत आलेल्या बाईचं नाव आहे ते. ते काढून ठेवून मला येता यायचं नाही."

कलम मात्र तिने छातीशी धरून नेलं.

तीन आठवडे तो आला नाही. चष्म्यांचे सगळे स्क्रू घट्ट होते. नीलमनेही चेष्टा बंद केली. यमुना रोज सकाळी कलमाला पाणी घालायची आणि रोज ठरवायची, आज त्याचा विचार करायचा नाही. पाणी घालून होईपर्यंत ते मोडलेलं असायचं.

आणि मग एका बुधवारी दारात त्याची आई उभी राहिली. एकटी. नाकावर चष्मा, हातात पिशवी.

"दांडी सैल झाली गे बाय," ती म्हणाली आणि समोरच्या स्टुलावर बसली.

यमुनेने चष्मा तपासला. दांडी घट्ट होती.

"सैल नाही, मावशी."

"ठाऊक आहे. मग काय सांगून येऊ? पोरगा पण हेच सांगून यायचा ना?" म्हातारीच्या डोळ्यांभोवती हसण्याच्या रेघा उमटल्या, मग हळूहळू मिटल्या. "परवा माझ्याजवळ बसला. मी पट्ट्या बांधत होते. म्हणाला, आई, नाव बदललेल्या बाईला कसं वाटतं? माझ्या हातातली पट्टी सुटली. पस्तीस वर्षं झाली लग्नाला. पहिल्यांदा कोणी विचारलं."

यमुनेने चष्मा टेबलावर ठेवला. "म्हणजे… तुमचंही?"

"मी बुधवारची. आमच्याकडे वारावरून नाव. मी बुधी. लग्न होऊन आले तर सासूही बुधवारची, तीही बुधी! मग मांडवातच म्हणाले, हिला यमुना म्हणा. का यमुना? कोणाला सुचलं म्हणून." तिने मांडीवरची पिशवी सारखी केली. "आधी तर हाक मारली की मी बघायचीच नाही. सगळे म्हणायचे, सून बहिरी मिळाली. सासू गेली तेव्हा मनात आलं, आता माझं मला परत देतील. पण तोवर विसरले होते सगळे. रेशनकार्डावर यमुना, मतदान यादीत यमुना. मीच कुठे आठवण करून दिली? कोणी विचारलंच नाही तर कसं सांगणार?"

टेबलावरचा पंखा गरगरत होता. यमुनेने तिचा हात हातात घेतला. पट्ट्या बांधून बोटांची पेरं कडक झालेली होती.

"घरात दोन यमुना नकोत, एवढाच ना नियम?" म्हातारी पुढे वाकून, कोणाची तरी खोडी काढावी तशी कुजबुजली. "नाहीतच दोन. एक यमुना आणि एक बुधी. दीर काल तोंड उघडून बसला होता, त्याला म्हटलं, सांग, मोडला कुठे तुझा नियम? अजून शोधतोय." आणि तिने चष्म्याचं पाकीट पुढे केलं. "यावर लिही. तुझं अक्षर चांगलं आहे, आकड्यात चुकते तेवढंच."

यमुनेने पेन घेतला. पाकिटावरचं 'यमुना ४' खोडलं आणि सावकाश, मोठ्या अक्षरांत लिहिलं, 'बुधीबाई'.

म्हातारीने चष्मा लावून ते वाचलं. वाचता तिला थोडंच येत होतं, पण बोट फिरवत एकेक अक्षर लावलं. मग पाकीट पोलक्यात ठेवलं, पैसे ठेवतात तसं.

"माझं मला मिळालं," ती म्हणाली. "आता तुझं तू घे. बाहेर उभा आहे. आत यायला घाबरतो."

रस्त्यापलीकडे रसवंतीच्या दुकानाशी शैलेश उभा होता. त्याच्या हातात चिकूची पिशवी होती आणि ती तो उगाच या हातातून त्या हातात घेत होता. मासळीच्या पाट्या घेऊन बायका स्टेशनाकडे चालल्या होत्या, रिक्षा हॉर्न वाजवत होत्या. यमुना दारात आली, पण पायरी उतरली नाही. हाताची घडी घालून चौकटीला टेकून उभी राहिली. आज तिला पुढे जायचं नव्हतं.

त्याचे ओठ हलले.

"ऐकू नाही आलं!" ती ओरडली.

"अरे, हाक मार की!" मागून बुधीबाई म्हणाली. "आता माझं नाही ते!"

त्याने डोळे मिटले, थंड पाण्यात उडी मारणारा माणूस मिटतो तसे.

"यमुना!"

अख्खा रस्ता वळून बघायला लागला. डोक्यावर पाटी घेतलेली एक कोळीण जागीच थांबली. "काय रे? मला हाक मारलीस?"

"नाही हो, मावशी…"

"मग? यमुना मीच की!"

कोणीतरी फसकन हसलं, मग सगळेच हसले, कोळीणही हसली. शैलेशचे कान तांबडे झाले होते, पहिल्या दिवशी झाले होते तसे. पण आता तो थांबायचा नव्हता. त्याने पुन्हा हाक मारली, या खेपेला हळू, फक्त एकीसाठी.

दारात उभ्या असलेल्या मुलीने त्या नावाची अडीच महिने वाट पाहिली होती. तिने ते क्षणभर कानांत तसंच राहू दिलं… आणि मग ओ दिली.