राहिलं कुणी?

लाईट साडेअकराला येणार म्हणजे साडेबाराला येणार. तोवर पडवीतच बसा. मोटर चालू करायला एकट्यानं कुणी उसात शिरायचं न्हाई, बिबट्या काय आपल्या भावकीतला न्हाई. आन आदेश, तो मोबाईल ठेव खाली. परवा तू मित्रांसंगं दुबई बघायला निघालायस, तर एक ऐकून जा. दिशा, तू बसायचं का आत जायचं ते तुझं तू ठरव. मागनं रात्री दार वाजलं म्हणून मला उठवायचं न्हाई.

राजुरीचा हनुमंत माझा जुना दोस्त. त्याला थापा मारता येत न्हाईत, तेवढी अक्कलच न्हाई त्याला. आन ह्यातलं निम्मं तर मीच बघितलंय.

दोन हजार तेवीसचा डिसेंबर. त्या साली टोमॅटोनं हात दिला, म्हणून हनुमंत, गेणभाऊ आन सोपान, तिघांनी दुबईची पाच दिवसांची सहल ठरवली. त्याआधी तिघांनी विमान बघितलं ते रानात उभं राहून, मान वर करून.

निघायच्या आदल्या दिवशी डिंगोऱ्याहून हनुमंताची आत्या आली, साळुबाई. काखेत घोंगडी. तिचा एकुलता एक पोरगा ज्योतिबा दुबईला बांधकामावर गेलेला. दर रविवारी त्याचा फोन यायचा. एका रविवारी आला न्हाई. मग आलाच न्हाई. त्याला अकरा वर्षं झालेली. ज्यानं त्याला तिकडं धाडला त्याचा नंबर लागंना, आन पुढं कुणाला इचारायचं ते म्हातारीला ठाऊक न्हाई. त्या रविवारपासनं आत्यानं रात्री दाराला कडी लावली न्हाई. गल्लीतनं बिबट्या फिरायचा, लोक तिला वरडायचे. ती म्हणायची, "तो रातचा आला आन मला ऐकूच आलं न्हाई तर?"

घोंगडी हनुमंताच्या मांडीवर ठेवून म्हणली, "गावला तर दे. थंडीचा लई तरास त्याला."

दुबईत कसली थंडी, म्हणून सोपान हसला. हनुमंत हसला न्हाई. त्यानं दोन सदरे बाहेर काढले आन घोंगडी ब्यागेत कोंबली.

आता हनुमंताची एक खोड सांगतो, ती ध्यानात ठेवा. त्यांची मेंढरं गेली त्याच्या बापाच्या काळात, पण सवयी मेंढरामागच्याच राहिल्या. तळ हलवला की शेवटचा माणूस मागं वळून हाळी देतो, "राहिलं कुणी? चला रं घरी." एखादं कोकरू झुडपात निजलेलं असतं, ते उठून मागं येतं. बापानं शिकवलेलं, हा कुठंबी तेच म्हणणार. लग्नाच्या मांडवातनं निघताना. एसटीतनं उतरताना. आमी त्याची लई टिंगल करायचो.

दुबईत तिघं नुसते हिंडले. तिथली मेट्रो डायवरशिवाय चालती म्हणे. गेणभाऊला खरं वाटंना, तो पार पुढच्या डब्यात जाऊन काचेला नाक लावून आला. खरंच कुणी नव्हतं. टोपी पडंस्तवर मान वर करून इमारती बघितल्या. सोन्याच्या गल्लीत सोपाननं बायकोला व्हिडिओ कॉल लावला, तो त्याला अजून महागात पडतोय. खाडीत लाकडी होडीत बसले. आन प्रत्येक ठिकाणाहून निघताना ह्याची हाळी, त्या दोघांचं हसणं.

पण रात्री हाटेलात ते दोघं घोरायला लागले की हनुमंत खिडकीशी बसायचा. मला म्हणला, "नाना, येवढा उजेड, येवढी माणसं, आन कुणी कुणाकडं बघत न्हाई. ह्यात आमचं ज्योतिबा एकलं राहिलं." दिवसभर तो भेटंल त्याला मोबाईलमधला फोटो दाखवायचा. लोक मान हलवायचे आन पुढं जायचे.

शेवटच्या संध्याकाळी त्याला ती इमारत गावली. ज्योतिबा शेवटच्या फोनात म्हणला व्हता, नव्या इमारतीच्या बत्तिसाव्या मजल्यावर काम चाललंय. वस्तीचं नाव आत्यानं कुणाकडनं तरी लिहून घेतलेलं. इमारत कवाच पुरी झालेली. सगळी काच. समोर एक किराणावाला व्हता, जुना. त्यानं फोटो हातात घेतला. लई वेळ बघितला.

"भाई, बिल्डिंग बन गई, वो लोग सब चले गये," तो म्हणला. "बस एक..."

आन त्यानं वर त्या इमारतीकडं बघितलं.

हनुमंतानं दोनदा इचारलं, एक काय? त्यानं मोबाईल परत दिला आन आत निघून गेला.

तिघं त्या इमारतीखाली उभे राहिले. हनुमंतानं ब्यागेतनं घोंगडी काढली. परत नेऊन आत्याच्या हातात काय म्हणून देणार? भिंतीच्या कडंला नीट घडी करून ठेवली. चार पावलं आला. आन सवयीनं मागं वळला.

"राहिलं कुणी? चला रं घरी."

ह्या वेळी कुणी हसलं न्हाई.

आता माझं. मंगळवार, बारा डिसेंबर. कार्तिकातली अवस. मी बोलेरो घेऊन मुंबईला त्यांना आणायला गेलो. रात्री अकराला बाहेर आले. येरवी गेणभाऊचं तोंड बंद व्हत न्हाई, पण त्या रात्री तिघंबी मुके. मला वाटलं, दमलेत.

माळशेज चढून वर आलो तवा सव्वादोन झालेले. एक टपरी उघडी व्हती. थंडी अशी की दात वाजत व्हते. कुणी खाली उतरंना. मी काचेतनंच चार चहा सांगितले. पोऱ्यानं पाच आणले.

मी म्हणलं, चार सांगितले.

"मागच्या पावण्यांला नको का?" तो म्हणला. "घोंगडीवाल्या."

मी आरशात बघितलं. हनुमंत माझ्या शेजारी. मधल्या सीटवर गेणभाऊ आन सोपान. त्यांच्या मागं, ब्यागांपाशी... कुणीतरी बसलेलं. डोक्यावरनं घोंगडी. मान खाली.

मला वाटलं, ब्यागाच असतील. थंडीचं हनुमंतानं त्यांच्यावर घोंगडी टाकली असंल.

गाडी हलली. मी सहज इचारलं, "ज्योतिबा गावला न्हाई व्हय? घोंगडी परत आणलीस ती."

हनुमंतानं माझ्याकडं बघितलं.

"नाना, घोंगडी तर तिकडंच ठेवली."

...

मी आरसा वर फिरवला. मढ गाव मागं पडलं. गाडीत वल्या लोकरीचा वास. मधी एकदा मागनं कुणीतरी खोकलं. गेणभाऊ न्हाई. सोपानबी न्हाई.

तीनला डिंगोरं आलं. हनुमंत सकाळी आत्याकडं येणार व्हता, रात्री त्याला धीर नव्हता. "थांबू नका," येवढंच म्हणला. मी थांबणार नव्हतोच. पण पुढं गतिरोधक. गाडी हळू करावीच लागली.

मागचं दार उघडलं.

गाडी जराशी वर उचलल्यागत झाली. वजन उतरलं की व्हती तशी.

दार लागलं. हळूच. कुणी निजलेलं असंल, त्याची झोपमोड व्हऊ नये, असं.

राजुरी येईपर्यंत कुणी मागं बघितलं न्हाई.

सकाळी नवाला मी आन हनुमंत परत डिंगोऱ्याला गेलो. वाटंत तो सारखा म्हणत व्हता, आत्याला काय सांगू? गावला न्हाई सांगू, का त्या किराणावाल्याचं सांगू? आत्याच्या दारात आलो आन थबकलो. दार आतनं बंद. अकरा वर्षांत कुणी ते दार कडी लावलेलं बघितलं नव्हतं.

आन उंबऱ्याबाहेर बूट. बांधकामावरचे, जाड तळव्याचे, वर सिमेंट वाळलेलं. दमून घरी आलेला माणूस काढतो तसे काढलेले. चवडे घराकडं, टाचा रस्त्याकडं.

हनुमंतानं कडी वाजवली. आत्यानं दार वीतभर उघडलं. येवढी शांत बाई मी कवा बघितली न्हाई. तिनं तोंडावर बोट ठेवलं.

"हळू बोल, हनुमंता," ती म्हणली. "आत्ताशी निजलाय."

आत काय व्हतं ते मी बघितलं न्हाई. मी रस्त्यावरच उभा राहिलो, भ्यालो म्हणा. हनुमंत आत डोकावला आन बाहेर आला. आजपातुर मी त्याला इचारलं न्हाई आन त्यानं सांगितलं न्हाई. फक्त ती हाळी त्यानं परत कवा दिली न्हाई.

तू जा रं आदेश, हिंड, खा, फोटो काढ. पण निघताना मागं वळून तोंडातनं काय काढतोस ते जपून काढ. तिथं कोन कवापासनं ऐकत बसलंय, आपल्याला काय ठाऊक?

आत्या अजून हाय. डिंगोऱ्यावरनं जाताना मी एकदा तरी तिकडं बघतोच. बूट अजून तिथंच हायेत, चवडे घराकडं. आन दिवस मावळला की कडी आतनं लागलेली असती.