न संपणारा निरोप

सांगलीतल्या एका खेळ-प्रयोगशाळेत मोरेश्वर आगाशे चौथ्या दिवशीही यशोदामावशीच्या ओट्यावर बसून होते. ओटा आणि मावशी दोन्ही खेळातली. आगाशे मात्र खरे, डोळ्यांवर दृश्यचष्मा आणि मनगटावर नाडीपट्टी लावून खुर्चीत बसलेले.

"निघतो मावशी," ते म्हणाले.

"या हं. पण तुमच्या त्या भाच्याच्या नोकरीचं काय झालं, ते राहिलंच की."

आगाशे पुन्हा सांगू लागले. त्यांना खेळाच्या शेवटाकडे, पलीकडच्या तीरावर नेणारी नाव नदीवर तशीच उभी राहिली.

काचेपलीकडे खेळाचा तंत्रज्ञ इरफान मुजावरने कपाळावर हात मारला. "एकशे बारावा निरोप."

आगाशे खेळांचे परीक्षक होते. खेळाला शेवट आहे, हे परीक्षकाने स्वतः पाहून सही करायची असा नियम होता. शुक्रवारी पाचपर्यंत सही झाली नाही तर इरफानने सहा वर्षं खपून केलेला, प्रसंगांची लांबी ठरवणारा लयनियंता काढून टाकायचा आणि प्रसंग घड्याळावर चालवायचे, असं वितरकाने कळवलं होतं. आज शुक्रवार होता.

दुपारी आगाशांनी चष्मा काढून खानावळीचा डबा उघडला. इरफान आणि खेळाची लेखिका शलाका तांबे त्यांच्याजवळ येऊन बसले.

"तुमचा हा लयनियंता करतो तरी काय?" आगाशांनी विचारलं.

"साधं आहे, काका," इरफान म्हणाला. "जुन्या भूमिका-खेळांत प्रसंगाची लांबी ठरलेली असे. लढाईचा कंटाळा आला तरी दहा मिनिटं लढायचं. हा नाडी, श्वास आणि नजर वाचतो. तुमचं मन प्रसंगात रमलं की नवे संवाद रचून तो लांबवतो. मन पुढे धावलं की आवरता घेतो."

"शिकला कुठे?"

"सांगली-मिरजेतल्या तीनशे घरांत. पाहुणे आले की सगळ्यांच्या मनगटाला पट्टी बांधायचो."

"आणि घोळ तिथेच झाला," शलाका हसत म्हणाली. "माणसं आत दोन तास अवघडून बसतात. निघतो म्हणून चपला घातल्या की दारात पाऊण तास रंगतात. निरोप म्हणजे गप्पांची सुरुवात, असं हा शिकला."

"चुकीचं नाही शिकला. आमच्या घरातली दोन लग्नं दारात उभ्याउभ्या ठरलीत." आगाशांनी डबा बंद केला. "आणि मला तरी कुठे घाई आहे? आमची ही, सुमन, गेल्याला तीन वर्षं झाली. घरी वाट बघणारं कोणी नाही."

जेवणानंतर इरफानने प्रसंगाचा सूर बदलून पाहिला. मावशीला तुसडी केलं. आगाशे तिची समजूत काढत बसले. "रुसलेल्या माणसाला टाकून कोण जातं?" असं त्यांनी वर विचारलं. मग इरफानने मावशीच्या गोठ्याला आग लावली. नाडी धावली, पण मन गोठ्यातच होतं. त्यामुळे आगही लांबली. आगाशांनी तास-दीड तास बादल्या ओतल्या आणि सगळ्या म्हशी वाचवल्या.

"मजा आली!" ते घाम पुसत म्हणाले.

चार वाजून गेले होते. "आता गोठाही संपेना," इरफान म्हणाला. "काढून टाकू या लयनियंता."

शलाका मात्र विचार करत होती. "सूर बदलला, पण मन ओट्यावरच ठेवलं आपण. राग इथेच, भीती इथेच. पलीकडच्या तीरावर काय आहे? नुसता शेवट. त्यासाठी कोण उठेल?"

तिने पलीकडच्या तीरावर एक घर उभं केलं आणि नावाड्याला एकच नवं वाक्य दिलं. मग हात थांबला. "काकांना लागेल का रे?"

"लागेल," इरफान म्हणाला. "पण खेळात तरी खोटं नाहीये ते."

तिने वाक्य खेळात सोडलं. नावाडी ओट्याशी येऊन म्हणाला, "चला की आता. पलीकडं तुमच्या घरचं माणूस जेवायचं थांबलंय."

आगाशे खुर्चीतून खरोखरच उठले. "मग आधी नाही का सांगायचं? मावशी, येतो!"

मावशीने तोंड उघडायच्या आत प्रसंग संपला. एवढी मोठी नदी चार सेकंदांत मागे पडली. घर आलं, दार उघडलं, आत पानं मांडलेली होती. इरफान आणि शलाकाने एकमेकांना टाळी दिली. एवढं जेवण झालं की पडद्यावर 'समाप्त' येणार होतं.

ते आलं नाही. पाचला दहा कमी होते. भात झाला, पुन्हा भात आला. आगाशांची नाडी चार दिवसांत कधी नव्हती इतकी संथ चालली होती.

"अरे देवा," इरफान म्हणाला. "आता हे जेवण संपायचं नाही."

"कसं संपेल?" शलाका म्हणाली. तिचे डोळे भरले होते आणि ती हसतही होती.

पाचला दोन मिनिटं कमी असताना आगाशांनी चष्मा न काढता हात पुढे केला. "तो कागद द्या इकडे."

"पण काका, शेवट पाहिल्याशिवाय तुम्हाला सही करता येत नाही."

"मग मी कुठे बसलोय?" त्यांनी चाचपडत वाकडी सही केली. "शेऱ्यात लिहून घ्या. खेळाला शेवट आहे. परीक्षक सध्या तिथेच आहेत."

मग मान पुन्हा समोर वळवून ते हळूच म्हणाले, "आमटी अर्धीच वाढ. आणि तूही बस आता."