पाकिटातला एक केस

“यातला एक केस घोड्याचा नाही.”

पागेच्या दारात पाकीट घेऊन उभ्या असलेल्या त्या अनोळखी तरुणानं ना ओळख ना पाळख, एकदम हे वाक्य माझ्या अंगावर टाकलं आणि माझ्या हातातला खरारा खाली पडला.

तो प्रयोगशाळेतून आला होता. आमच्या घोडीला नुकतंच शिंगरू झालं होतं. आईबाप दोघेही निखळ तपकिरी, आणि शिंगराचं तोंड कपाळापासून नाकापर्यंत पांढरं, चारही पाय गुडघ्यापर्यंत पांढरे. बाबांना धक्काच बसला. शेजारचा पांढऱ्या पट्ट्यांचा बांडा घोडा कुंपण ओलांडून आला, असं ठरवून ते शिंगरू विकायला निघाले. मी कसंबसं त्यांना थोपवलं आणि तिघांच्या आयाळीचे केस मुळासकट उपटून तपासायला पाठवले. उपटताना माझा रुमाल सुटला होता खरा...

“माणसाचा आहे,” तो म्हणाला. “मुळाशी पांढरा, पुढे काळा रंगवलेला.”

माझा हात आपोआप डोक्याकडे गेला. रुमालाखाली, कपाळाच्या बरोब्बर मधोमध, माझी जन्मापासूनची पांढरी बट होती. लोक नावं ठेवतील म्हणून लहानपणी बाबांनीच काळा रंग आणला होता आणि एक थेंब न सांडता, सराईत हातानं ती झाकली होती. घराबाहेर कुणाला कळता कामा नये, ही त्यांची सक्त ताकीद.

“बाबांचा असेल,” मी ठोकून दिलं.

“एवढा लांब?”

त्याच्या ओठांच्या कोपऱ्यात हसू होतं. मला धरणीनं पोटात घ्यावं असं झालं.

मग तो येतच राहिला. कधी शिंगराचे फोटो काढायला, कधी आणखी केस न्यायला... घोड्याचे. आमच्याकडे त्याचं नावच पडलं, केसवाले. पाऊस भुरभुरणाऱ्या एका संध्याकाळी कुंपणाला टेकून तो सांगत होता, “पोटात असताना रंगाच्या पेशी पाठीकडून निघतात. कपाळ आणि पाय सगळ्यात लांब. तिथवर त्या पोचल्या नाहीत, की तेवढी जागा पांढरी राहते.”

“म्हणजे तो डाग नाही?”

“रंग वाटेत रेंगाळला, एवढंच.” त्यानं माझ्या रुमालाकडे पाहिलं, मग पटकन स्वतःच्या बुटांकडे. “माणसांतही होतं तसं. छान दिसतं म्हणे.”

“किती जणींचं पाहिलंत?”

“एकीचंही नाही. केस मात्र... एक पाहिलाय.”

मी रागवायला हवं होतं. राग आलाच नाही, आणि तिथेच मी ओळखलं की मी कामातून गेले. पण त्याला बट ठाऊक आहे हे बाबांना कळलं असतं, तर पागेचं दार त्याला कायमचं बंद झालं असतं.

निकाल घेऊन तो आला तेव्हा बाबा समोरच बसले होते, नेहमीची टोपी भुवयांपर्यंत ओढून.

“शिंगरू याच जोडीचं आहे,” तो म्हणाला. “त्याच्या एका जनुकात बदल झालाय. आईबापांत तो नाही, शिंगरापासूनच सुरू झालाय.”

“माणसांतही असं आपोआप होतं?” मी विचारलं.

“क्वचित. बहुतेक वेळा आईकडून नाहीतर वडिलांकडून येतं.”

“माझ्या आईला नव्हतं. बाबांनाही नाही.” बोलून गेले आणि मग मागे हटण्यात अर्थ नव्हता. मी रुमाल सोडला.

बाबांचा चेहरा शिंगराच्या कपाळासारखा पांढरा पडला. मग त्यांनी सावकाश टोपी काढली. काळ्याभोर केसांत, मधोमध, मुळाशी पांढरी रेघ होती. रंग लावायचा राहून गेला होता.

मी आ वासून बघत राहिले. म्हणजे ‘बाबांचा असेल’ ही माझी थाप अगदीच थाप नव्हती.

“शाळेत मला बांड्या म्हणायचे,” बाबा हळूच म्हणाले. “तुला कुणी म्हणू नये, एवढंच वाटलं गं. शिंगरू... राहू दे आपल्याकडेच.”

माझे डोळे भरून आले. बाबांनी नाक पुसलं आणि एकदम केसवाल्यांवर नजर रोखली. “हिच्या मुलांनाही येईल हे?”

“निम्मी शक्यता.”

“आणि तुम्हाला ते चालणार आहे का?”

हे बाबांना कधी कळलं? त्यानं हातातला कागद घडी करून खिशात ठेवला.

“मला...” तो माझ्या कपाळाकडे बघत म्हणाला, “मला निम्मी कमीच वाटते.”