पावलीच्या वाटेतली हळद

खंडेनवमीच्या सकाळी पूजा झाली आणि पावली बंद पडली.

पावली म्हणजे शाल्मलीचे यंत्रपाय. हलक्या धातूचे, मांडीपासून टाचेपर्यंत बांधायचे आणि वर बडबडेसुद्धा! ही गोष्ट घडली तेव्हा मिरजेतल्या गच्च्यांवर उडत्या रिक्षा उतरू लागल्या होत्या, पण खंडेनवमीला घरातल्या यंत्रांना झेंडू वाहायची रीत काही सुटली नव्हती. शाल्मलीनं तर पहाटेच उठून पावलीची मनापासून पूजा केली होती. का नाही करणार? आजवर दसऱ्याला सगळे तिच्या चाकांच्या खुर्चीपाशी येऊन सोनं देऊन जायचे. यंदा ती स्वतः चालत घरोघर जाणार होती. उद्याच!

आणि आता पाऊल उचलत नव्हतं.

"बॅटरी गच्च भरली आहे, पाय मात्र हलत नाहीत," पावली म्हणाली. "माझ्या बोलण्याचा सेल वेगळा, म्हणून तोंड तेवढं चालू आहे."

शाल्मलीला रडूच फुटलं. तिनं शेजारी राहणाऱ्या आत्याआजीला हाक मारली. आत्याआजी म्हणजे तिच्या आजोबांची बहीण, मोठी वैज्ञानिक. पावली तिनंच घडवली होती.

आजीनं व्होल्टमीटर (विजेचा दाब मोजणारं यंत्र) बॅटरीच्या दोन टोकांना लावला. "चोवीस व्होल्ट. दाब पुरेपूर आहे."

"मग चालत का नाही गं?"

"टाकी भरलेली असली म्हणजे नळाला पाणी येतंच का?"

शाल्मलीनं नाक पुसलं. "मधला कॉक बंद असला तर नाही येणार."

"तसंच. दाब असणं वेगळं, वाहणं वेगळं. तारेत इलेक्ट्रॉन (विजेचे अतिसूक्ष्म कण) असतात. ते एका दिशेनं सरकू लागले की झाला विद्युतप्रवाह. तारेतल्या एका जागेवरून दर सेकंदाला किती विद्युतभार पुढे जातो, ते अँपिअरमध्ये मोजायचं. त्यासाठी हा अ‍ॅमीटर."

शाल्मली अ‍ॅमीटर घेऊन थेट बॅटरीच्या टोकांना लावायला निघाली. आजीनं तिचा हात धरला.

"अगं थांब, जळेल तो! त्याच्या आत विजेला जवळजवळ अडथळाच नसतो. मध्ये मोटर नसली तर सगळा लोंढा त्याच्यातूनच धावेल. पाण्याचा मीटर कुठे बसवतात?"

"पाइपाच्या वाटेत. सगळं पाणी त्याच्यातून जातं..." शाल्मलीचे डोळे चमकले. तिनं मोटरकडे जाणारी तार सोडवली आणि त्या फटीत अ‍ॅमीटर जोडला. "पावली, चल!"

आकडा शून्य.

"म्हणजे वाट कुठेतरी अडली आहे," आजी म्हणाली. "बॅटरीतून निघालेला प्रवाह मोटरीतून फिरून परत बॅटरीत यायला हवा. एका ठिकाणी अडला तरी सगळीकडे ठप्प."

शाल्मली वाटेवरून बोट फिरवू लागली. मोटर, तार, बॅटरीखालच्या पितळी पट्ट्या. तिथे बोट थांबलं आणि तिचे कान लाल झाले.

"आजी, मी तिथे हळदकुंकू लावलं. तेलात कालवून, पुसलं जाऊ नये म्हणून."

"बॅटरी काढून?"

"हो. पावलीला जीव तिथूनच मिळतो ना, म्हणून."

"अस्सं! म्हणजे भक्तीनं बंद पडले मी," पावली म्हणाली.

बॅटरी उचलली, तर पट्ट्यांवर पिवळा-लाल, चिकट थर. "तेलहळदीचा हा थर विद्युतरोधक (प्रवाह अडवणारा) ठरला," आजी म्हणाली. ती रागावली नाही. दोघींनी पट्ट्या लख्ख पुसल्या. पावलीनं गुडघा उचलला आणि अ‍ॅमीटरवर आकडा चढला, तीन अँपिअर! शाल्मलीनं टाळ्याच पिटल्या.

दसऱ्याला ती सगळ्यांत आधी आजीच्या दारात गेली. हातावर आपट्याचं पान ठेवलं आणि आजीच्या बोटांना हळदकुंकू लावलं.

"पावली या हातांनी केली. इथे लावलेलं चालेल ना?"

आजीनं हळदीच्या बोटांनीच तिचा गाल कुरवाळला. मग म्हणाली, "पुढची पावली आपला प्रवाह आपणच मोजेल आणि कुठे अडला तेही सांगेल. ती तू करायचीस."

"आणि तिच्या पट्ट्या सोडून पूजा करायची," पावली घाईनं म्हणाली.

शाल्मली हसली. मग तिनं उभ्यानं वाकून आजीच्या पायांना हात लावला. असं तिला आजवर कधीच करता आलं नव्हतं.